मतं लोकांची, निवड प्रतिनिधींची: अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट कसं ठरतं

२१ जुलै २०२४ ला जो बायडन यांनी माघार घेतली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवारीसाठी राज्याराज्यांत होणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात, त्यांना १ कोटी ४० लाखांहून जास्त मतं पडली होती. कमला हॅरिस यांचं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी त्या वर्षी एकाही प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नव्हतं. तरीही ५ ऑगस्टपर्यंत उमेदवारी त्यांची झाली होती, आणि त्यासाठी पक्षाचा एकही नियम वाकवावा लागला नव्हता. एवढ्या लोकांनी एकाला मत दिलं आणि तिकीट दुसऱ्याला गेलं, हे कसं, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याचं उत्तर एका गोष्टीत आहे, जी निवडणुकीच्या बातम्यांत नेहमी ओझरती येते: प्रायमरीतला मतदार उमेदवार निवडत नाही. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात कोणाचे किती प्रतिनिधी बसणार, एवढंच त्याच्या मतानं ठरतं. उमेदवार निवडतात ते प्रतिनिधी, ज्यांना तिकडे डेलिगेट म्हणतात.

आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचा एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो, याकडे सगळ्यांचे डोळे असतात. तो फॉर्म नसेल तर कितीही सभा गाजवा, पक्षाचं चिन्ह मिळत नाही. अमेरिकेत हेच काम अधिवेशनातल्या मतदानातून होतं. त्या मतदानानंतर पक्ष प्रत्येक राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांना आपल्या उमेदवाराचं नाव लेखी कळवतो, आणि मगच ते नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापलं जातं. फरक इतकाच, की आपल्याकडे फॉर्मवर सही पक्षश्रेष्ठींच्या माणसाची असते आणि तिथे निर्णय काही हजार प्रतिनिधींचा असतो.

अमेरिकेच्या संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही, मग पक्षानं उमेदवार कसा निवडावा हे तरी कुठून असणार? सुरुवातीला काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, खासदारच आपसात बसून नाव ठरवत. १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक नावाच्या एका छोट्या पक्षानं बाल्टिमोरमध्ये पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडला, पुढच्याच वर्षी त्याच शहरात डेमोक्रॅट जमले, आणि ही पद्धत रूढ झाली. तेव्हापासून जवळजवळ १४० वर्षं अधिवेशनातले प्रतिनिधी बहुतांशी राज्याराज्यांतले पक्षाचे पुढारी ठरवत.

त्या काळाचा सर्वांत टोकाचा नमुना म्हणजे १९२४. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन २४ जूनला सुरू झालं. तेव्हा त्या पक्षात साध्या बहुमतावर भागत नसे, दोन तृतीयांश मतं लागत. १,०९८ मतांपैकी ७३२. एका बाजूला विल्यम मॅकअडू, ज्यांच्यामागे दक्षिणेतले आणि पश्चिमेतले ग्रामीण प्रतिनिधी होते. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ, कॅथलिक, शहरी, दारूबंदीच्या विरोधातले. कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही यावरून पक्ष उभा चिरलेला. दोघांपैकी एकालाही ७३२ गाठता येईना आणि दुसऱ्याला गाठू देण्याचीही कोणाची तयारी नव्हती. प्रत्येक फेरीत राज्यांची नावं वर्णानुक्रमानं पुकारली जात, आणि दर वेळी सुरुवातीलाच अलाबामाचे गव्हर्नर उठून आपल्या राज्याच्या उमेदवारासाठी तेच वाक्य म्हणत: अलाबामाची चोवीस मतं ऑस्कर अंडरवुड यांना. रेडिओ नुकताच घरोघरी येत होता. ऐकणाऱ्यांना ते वाक्य पाठ झालं. अखेर १०३ व्या फेरीत दोघंही बाजूला झाल्यावर जॉन डेव्हिस यांना उमेदवारी मिळाली, आणि नोव्हेंबरात ते कॅल्विन कूलिज यांच्याकडून मोठ्या फरकानं हरले. दोन तृतीयांशाचा नियम १९३६ मध्ये गेला. आता दोन्ही पक्षांत निम्म्यांहून एक जास्त पुरतो.

खरा बदल घडला तो १९६८ नंतर. त्या वर्षी युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांनी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात प्रायमरी लढवल्या. कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्रीच केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. सभागृहाबाहेर पोलीस तरुण निदर्शकांना झोडपत होते आणि ते सगळं टीव्हीवर दिसत होतं. हम्फ्री निवडणूक हरले. पक्षानं जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला. त्यानं सांगितलं, की प्रतिनिधी निवडण्याची प्रक्रिया उघड हवी, निवडणुकीच्याच वर्षात व्हायला हवी, आणि तिच्यात पक्षाच्या साध्या समर्थकालाही भाग घेता यायला हवा. हे नियम पाळायचा सोपा मार्ग म्हणजे प्रायमरी घेणं, म्हणून राज्यांनी भराभर प्रायमरीचे कायदे केले. ते कायदे दोन्ही पक्षांना लागू पडत असल्यानं रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेनं गेला. आज आपण पाहतो ती आयोवा, न्यू हॅम्पशायर, मग एकाच मंगळवारी अनेक राज्यांचं मतदान होणारा सुपर ट्यूसडे अशी लांबलचक शर्यत हे या आयोगाचं अपत्य आहे.

प्रतिनिधी वाटतात कसे

इथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि बातम्यांत ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पहिला, कोणत्या राज्याला एकूण किती प्रतिनिधी मिळणार. दुसरा, त्या राज्यातले प्रतिनिधी उमेदवारांमध्ये कसे वाटायचे.

पहिल्या प्रश्नाला दोन पक्षांची दोन उत्तरं आहेत. डेमोक्रॅट दोन गोष्टी सारख्या वजनानं धरतात: गेल्या तीन राष्ट्राध्यक्ष निवडणुकांत पक्षाला देशभर मिळालेल्या मतांत त्या राज्याचा वाटा, आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ इलेक्टोरल मतांत त्या राज्याचा वाटा. म्हणजे जिथे पक्षाचे मतदार जास्त, तिथे प्रतिनिधी जास्त. प्रायमरी उशिरा घेणाऱ्या राज्यांना वर थोडे जादा मिळतात, कारण सगळ्यांनाच आधी घाई असते आणि ती पक्षाला आवरायची असते.

रिपब्लिकनांचा हिशेब वेगळा आहे. प्रत्येक राज्याला सरसकट १०, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या प्रत्येक मतदारसंघामागे ३, आणि राष्ट्रीय समितीवरचे त्या राज्याचे ३ सदस्य. मग बक्षिसं: गेल्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत राज्य पक्षाच्या बाजूनं गेलं, गव्हर्नर पक्षाचा आहे, सिनेटर पक्षाचे आहेत, विधिमंडळ पक्षाकडे आहे, तर जादा प्रतिनिधी. २०२४ चे आकडे घेऊन पाहा. कॅलिफोर्नियात ५२ मतदारसंघ. ५२ गुणिले ३ म्हणजे १५६, त्यात १० आणि ३ मिळवले की १६९. बक्षीस शून्य, कारण तिथे सगळं डेमोक्रॅटांच्या हाती. वायोमिंगमध्ये मतदारसंघ एकच, म्हणून १० अधिक ३ अधिक ३, असे १६. पण तिथे सगळंच रिपब्लिकनांकडे, त्यामुळे बक्षिसाचे १३ मिळून झाले २९. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९० लाखांच्या घरात, वायोमिंगची सहा लाखांहूनही कमी. लोकसंख्येत साठ पटींहून मोठा फरक, प्रतिनिधींत जेमतेम सहा पटींचा.

आता राज्याच्या आतली वाटणी. डेमोक्रॅटिक पक्षात देशभर एकच नियम: मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर काहीच नाही. हा उंबरठा दोनदा तपासतात, एकदा राज्यभरच्या मतांवर आणि एकदा प्रत्येक मतदारसंघात. २०२४ च्या मिशिगन प्रायमरीत गाझामधल्या युद्धाच्या निषेधार्थ एक लाखाहून जास्त मतदारांनी बायडन यांना मत न देता 'अनकमिटेड', म्हणजे कोणाशीही बांधील नाही, हा पर्याय निवडला. राज्यभर ते सुमारे १३ टक्के भरले, म्हणजे राज्याच्या वाट्यातून काही नाही. पण डिअरबॉर्न आणि अ‍ॅन आर्बर ज्यांत येतात त्या दोन मतदारसंघांत त्यांनी १५ टक्के ओलांडले आणि प्रत्येकी एक प्रतिनिधी मिळवला. मिशिगनच्या ११७ पैकी ११५ बायडन यांचे, २ अनकमिटेड.

मतदारसंघांतली ही वाटणी मला सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, कारण इथेच अनेक शर्यती जिंकल्या-हरल्या गेल्या आहेत. समजा एका मतदारसंघाला ४ प्रतिनिधी आहेत. एकाला ६० टक्के मतं, दुसऱ्याला ४०. ६० टक्के म्हणजे ४ पैकी २.४, आणि ४० टक्के म्हणजे १.६. पूर्णांक आधी वाटले: २ आणि १. उरलेला एक ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे हरणाऱ्याला. निकाल २-२. वीस टक्क्यांच्या आघाडीनं जिंकूनही फायदा शून्य. तीन-एक व्हायला साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. याउलट मतदारसंघाला ३ प्रतिनिधी असतील तर ५१ टक्क्यांतही २-१ होतं. ज्या प्रचारयंत्रणेला हे गणित पाठ असतं ती आपला पैसा आणि माणसं विषम आकड्याच्या मतदारसंघांत पाठवते.

२००८ मध्ये बराक ओबामांच्या माणसांनी नेमकं हेच केलं. त्या वर्षीच्या सुपर ट्यूसडेला हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी दहा टक्क्यांच्या फरकानं जिंकलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी तिथे मतदान केलं होतं. प्रतिनिधी मिळाले क्लिंटन ५९, ओबामा ४८. आघाडी ११ ची. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस होता. प्रायमरीत मतदार मतदान केंद्रावर जाऊन मत टाकून येतो, कॉकसमध्ये ठरल्या वेळी जमून, थांबून, कोणाच्या बाजूनं हे सांगावं लागतं, त्यामुळे गर्दी कमी. आयडाहोत वीस-एकवीस हजार डेमोक्रॅट आले. क्लिंटन यांच्या बाजूनं त्या राज्याकडे फारसं कोणी पाहिलंच नव्हतं. ओबामांना जवळजवळ ८० टक्के मिळाले आणि प्रतिनिधी १५ विरुद्ध ३. आघाडी १२ ची. न्यू जर्सीतल्या लाखो मतांनी जे कमावलं ते आयडाहोतल्या काही हजारांनी पुसून वर एक जादा दिला. ओबामांच्या भाषणांवर खूप लिहिलं गेलं, ते योग्यच आहे, पण त्या वर्षीची उमेदवारी अशा हिशेबांतून आली.

रिपब्लिकन पक्ष राज्यांना बरीच मोकळीक देतो. १५ मार्चच्या आधी मतदान घेतलं तर वाटणी प्रमाणात करावी लागते, पण त्यातही सवलत आहे: एखाद्यानं ५० टक्के ओलांडले तर सगळे प्रतिनिधी त्यालाच, असा नियम राज्य करू शकतं. १५ मार्चनंतर सरळ 'पहिला आला त्याला सगळे' चालतं. २०२४ मध्ये आयोवाच्या ४० प्रतिनिधींत डोनाल्ड ट्रम्प यांना २०, रॉन डिसँटिस यांना ९, निक्की हेली यांना ८ आणि विवेक रामस्वामी यांना ३ मिळाले. ही झाली प्रमाणातली वाटणी. मार्चमध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांनी निम्मी मतं ओलांडली आणि १६९ च्या १६९ घेतले. म्हणून रिपब्लिकन शर्यत बहुधा लवकर आटोपते, आणि डेमोक्रॅटांची, दोन तुल्यबळ उमेदवार असले तर, जूनपर्यंत रेंगाळते.

प्रतिनिधी म्हणजे जिवंत माणसं

आकडे ठरले तरी त्या खुर्च्यांवर बसणारी माणसं वेगळी निवडावी लागतात. मतदारसंघ आणि राज्य पातळीवरच्या पक्षाच्या बैठकांत ती निवडली जातात: शिक्षक, कामगार संघटनेचे कार्यकर्ते, नगरपालिकेतले सदस्य, वर्षानुवर्षं दारोदार पत्रकं वाटणारे निवृत्त लोक. अनेक जण प्रवास आणि हॉटेलचा खर्च स्वतः करतात. ही माणसं दिलेल्या उमेदवाराशी बांधलेली असतात का, यावरून मोठमोठे वाद झाले आहेत.

२०१२ मध्ये आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसमध्ये आधी मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं, नंतरच्या मोजणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. तिसऱ्या क्रमांकावर होते रॉन पॉल. पण त्या रात्रीचं मतदान प्रतिनिधींना बांधणारं नव्हतं. पॉल यांचे समर्थक त्यानंतरच्या प्रत्येक बैठकीला शेवटपर्यंत थांबले, आणि अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ मतं पॉल यांना पडली. पक्षानं लगेच नियम बदलला: राज्यात मतदान झालं असेल तर प्रतिनिधी त्या निकालाला बांधील.

डेमोक्रॅट उलट्या वाटेनं गेले. १९८० मध्ये जिमी कार्टर यांच्याकडे बहुमत होतं, पण त्यांची लोकप्रियता घसरत होती. टेड केनेडी म्हणाले, प्रतिनिधींना मोकळं करा. अधिवेशनात त्यावर मतदान झालं आणि केनेडी हरले. पण नंतर पक्षानं ती सक्तीच काढून टाकली. आजच्या नियमाचा आशय असा: ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना प्रतिनिधीनं सदसद्विवेकाला स्मरून व्यक्त कराव्यात. म्हणजे बंधन नैतिक आहे, कुलूप नाही. २०२४ मध्ये हे वाक्य सगळ्यांना शोधून वाचावं लागलं.

डेमोक्रॅटिक पक्षात आणखी एक वर्ग आहे, पदसिद्ध प्रतिनिधींचा, ज्यांना लोक सुपरडेलिगेट म्हणतात. पक्षाचे खासदार, सिनेटर, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य, माजी राष्ट्राध्यक्ष. बेळगावात लहानाचे मोठे झालेले श्री ठाणेदार मिशिगनमधून डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार म्हणून निवडून आल्यानं याच वर्गात येतात. ही सोय १९८४ पासून आली, कारण १९७२ मध्ये मॅकगव्हर्न आणि १९८० मध्ये कार्टर या उमेदवारांच्या पराभवांनंतर पक्षातल्या अनुभवी लोकांना निवडीत थोडा हात हवा होता. २०१६ मध्ये मतदान सुरू होण्याआधीच शेकडो सुपरडेलिगेटांनी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केला, तो आकडा रोज टीव्हीवर झळकत राहिला आणि बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांना शर्यत आधीच ठरल्यासारखी वाटली. त्यांची तक्रार रास्त होती. २०१८ मध्ये नियम बदलला: लढत चुरशीची असेल तर पहिल्या फेरीत पदसिद्ध प्रतिनिधी मत देणार नाहीत. पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नाही तर दुसरीपासून देतील. आजवर तशी वेळ आलेली नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत गेलेलं शेवटचं अधिवेशन १९५२ चं, ज्यात अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत निवडले गेले.

अधिवेशनात मग उरतं काय

टीव्हीवर दिसतात ती भाषणं आणि फुगे. काम असतं समित्यांत: कोणाला प्रतिनिधी म्हणून मान्य करायचं, नियम कोणते, जाहीरनामा काय. यातला पहिला प्रश्न कागदोपत्री वाटतो, पण अमेरिकेच्या इतिहासातला एक कठोर प्रसंग त्याच समितीपुढे घडला. १९६४ मध्ये मिसिसिपीनं पाठवलेले सगळे प्रतिनिधी गोरे होते, कारण काळ्या नागरिकांना तिथे मतदार यादीतच येऊ दिलं जात नसे. त्याविरुद्ध मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीनं आपले प्रतिनिधी अटलांटिक सिटीला आणले. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या फॅनी लू हेमर समितीसमोर बसल्या आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल घर-काम कसं गेलं, तुरुंगात कसं मारलं, हे कॅमेऱ्यासमोर सांगितलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वेळी घाईनं पत्रकारांना बोलावलं, म्हणजे कॅमेरे तिकडे वळावेत. संध्याकाळच्या बातम्यांनी हेमर यांचं बोलणं दाखवलंच. पक्षानं तडजोड म्हणून फक्त दोन जागा देऊ केल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या. पक्षानं त्या दिवशी अन्याय केला. चार वर्षांनी शिकागोत मिसिसिपीहून आलेल्या काळ्या-गोऱ्यांच्या एकत्रित शिष्टमंडळाला जागा मिळाली.

नियमांची लढाई पाहायची तर १९७६ चं कॅन्सस सिटी. जेराल्ड फोर्ड आणि रोनाल्ड रेगन, दोघांपैकी कोणाचंच बहुमत पक्कं नाही. रेगन यांनी आपला उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आधीच जाहीर केला होता. त्यांच्या गटानं नियम सुचवला, की फोर्ड यांनीही मतदानाआधी नाव सांगावं, म्हणजे कोणी ना कोणी दुखावेल आणि मतं फुटतील. तो नियम १,०६९ विरुद्ध १,१८० असा पडला. दुसऱ्या दिवशी उमेदवारीचं मतदान झालं: फोर्ड १,१८७, रेगन १,०७०. एका नियमावरच्या मतदानानं दुसऱ्या दिवशीचा निकाल जवळजवळ हुबेहूब सांगून टाकला.

आता २०२४ कडे परत. बायडन यांच्याकडे सुमारे ३,९०० प्रतिनिधी होते. ते हॅरिस यांना 'देऊन टाकण्याचा' अधिकार बायडन यांना नव्हता. त्यांनी पाठिंबा जाहीर केला, एवढंच. त्यांनी माघार घेताच ते प्रतिनिधी मोकळे झाले. रिंगणात यायला किमान ३०० प्रतिनिधींच्या सह्या लागत, आणि एका राज्यातल्या ५० हून जास्त धरल्या जाणार नव्हत्या. एवढ्या सह्या फक्त हॅरिस यांनी जमवल्या. ओहायोच्या कायद्यानं उमेदवाराचं नाव ७ ऑगस्टपर्यंत कळवणं भाग होतं. तिथल्या विधिमंडळानं मुदत वाढवली होती, पण कोर्टकचेऱ्यांचा धोका पक्षाला पत्करायचा नव्हता. म्हणून शिकागोचं अधिवेशन १९ ऑगस्टला असतानाही १ ते ५ ऑगस्टदरम्यान प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदान केलं आणि हॅरिस यांना साडेचार हजारांहून जास्त मतं पडली. शिकागोत राज्यांची पुकार पुन्हा झाली, पण ती सोहळ्यापुरती.

आणि अधिवेशन संपल्यावर उमेदवार गेला तर? तेव्हा प्रतिनिधी पांगलेले असतात, अधिकार पक्षाच्या राष्ट्रीय समितीकडे जातो. हे प्रत्यक्षात घडलं आहे. १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सिनेटर टॉमस ईगल्टन निवडले गेले. काही दिवसांतच त्यांनी पूर्वी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं उघड झालं आणि ३१ जुलैला त्यांनी माघार घेतली. ८ ऑगस्टला राष्ट्रीय समिती जमली आणि तिनं सार्जंट श्रायव्हर यांचं नाव मंजूर केलं.